डेट्रॉईटची चॅसिस, ट्युरिनचा हातोडा : इतिहासाला 'का?' कसं विचारायचं



संशोधनाची तयारी करताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. विषय आवडीचा असतो, त्यावर भरपूर वाचलेलं असतं, पण सिनॉप्सिस लिहायला बसलं की 'अमुक-तमुकचा अभ्यास' याच्यापुढे पेन सरकत नाही. कारण विषय हातात असतो, प्रश्न नसतो.

आज एक विषय घेऊ आणि त्यातून प्रश्न कसा निघतो, उत्तर कसं तपासायचं ते पाहू. विषय आहे अमेरिकेच्या काही दुर्मिळ, आलिशान गाड्या. इंजिन आणि चॅसिस अमेरिकेची, पण बॉडी इटलीत हाताने घडवलेली. माझं शिक्षण विज्ञानाचं, त्यामुळे या विषयातली एक गोष्ट मला जास्तच खुणावते. प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो, बाकीचे तसेच ठेवतो आणि काय होतं ते बघतो. इतिहासात ही सोय नाही. १९५७ साल परत आणता येत नाही. मग तिथे 'हे यामुळे झालं' असं म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?

आधी माहिती

'कोचबिल्डिंग' म्हणजे काय? चॅसिस एकाने बनवायची, तिच्यावर बॉडी दुसऱ्याने बांधायची. आपल्याकडे हे नवं नाही. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांमध्ये कंपनीकडून आलेल्या चॅसिसवर बसची बॉडी बांधली जाते, ते याच जातीचं काम. अमेरिकेत १९२०-३० च्या दशकांत श्रीमंत लोक पॅकार्ड किंवा ड्युसेनबर्गची चॅसिस घ्यायचे आणि लबॅरन, मर्फी, ब्रन अशा कोचबिल्डरकडून हवी तशी बॉडी बांधून घ्यायचे. महामंदीने हा धंदा मोडला. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत त्यातले फारच थोडे शिल्लक होते.

इटलीत ट्युरिन शहरात मात्र हा धंदा जिवंत होता. पिनिन फारिना, गिया, बेर्तोने, विन्याले ही नावं एकाच शहरातली. आता ही यादी बघा:

- क्रायस्लर के-३१०, १९५१. प्रदर्शनासाठी बनवलेली गाडी. बॉडी गियाची.
- ड्युअल-गिया, १९५६ ते १९५८. डेट्रॉईटचे उद्योजक युजीन कॅसरोल यांची कंपनी. डॉजची चॅसिस गियाकडे जायची, बॉडी चढवून परत यायची. एकूण ११७ गाड्या. फ्रँक सिनात्रा आणि डीन मार्टिन यांच्याकडे ही गाडी होती.
- क्राउन इम्पीरियल लिमोझिन, १९५७ ते १९६५. क्रायस्लरची सगळ्यात महाग गाडी. गियाने १३२ बनवल्या.
- कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉम, १९५९ आणि १९६०. पिनिन फारिनाकडे बनली. पहिल्या वर्षी ९९, दुसऱ्या वर्षी १०१.
- क्रायस्लर टर्बाईन कार, १९६३-६४. जेटसारखं टर्बाईन इंजिन. बॉडी गियाची. ५ नमुना गाड्या आणि ५० लोकांना वापरायला द्यायच्या, एकूण ५५.

क्रायस्लर हे नाव मुंबईकरांना अनोळखी नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या आणि पुढे ट्युरिनच्या फियाटही. पण कुर्ल्याला गाड्या यायच्या त्या सुट्ट्या भागांच्या रूपात, आपल्या बाजारासाठी. वरच्या यादीतला प्रवास अगदी वेगळा आहे.

विषयातून प्रश्न

यादी वाचून 'काय सुंदर गाड्या होत्या!' असं वाटलं, तर ते कौतुक झालं. त्यात गैर काही नाही, पण कौतुकावर प्रबंध उभा राहत नाही. प्रश्न हवा असेल तर यादीत न पटणारं काय आहे ते शोधा.

न पटणारं हे आहे: १९५० च्या दशकात मोटारउद्योगात अमेरिकेच्या जवळपासही कुणी नव्हतं. पैसा, पोलाद, यंत्रं, इंजिनिअर, सगळं डेट्रॉईटला. मग तिथली चॅसिस बोटीत घालून अटलांटिकपलीकडे पाठवायची, युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या देशात तिच्यावर हातोड्याने पत्रा ठोकून घ्यायचा आणि परत बोटीने आणायची, हा उपद्व्याप कशासाठी?

आता हा प्रश्न झाला. उत्तर चुकीचं ठरू शकेल असा प्रश्न. संशोधनाला तोच लागतो.

दोन उत्तरं

पहिलं उत्तर तुम्हाला कुठल्याही गुळगुळीत कागदाच्या पुस्तकात मिळेल: अभिरुची. इटालियन लोकांना रेषेची जाण, अमेरिकेला तिचं आकर्षण. याला आधारही आहे. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आठ मोटारगाड्यांचं प्रदर्शन भरवलं, त्यात पिनिन फारिनाने घडवलेली चिसितालिया २०२ होती. गाडी ही कलावस्तू म्हणून मांडली जाते आणि त्यात इटालियन गाडीला मान मिळतो, ही साधी गोष्ट नाही.

दुसरं उत्तर रुक्ष आहे: खर्च. थोड्या गाड्या बनवायच्या तर ट्युरिन स्वस्त पडायचं.

दोन्ही ऐकायला बरोबर वाटतात. इथे बरेच जण 'दोन्ही कारणं महत्त्वाची होती' असं लिहून मोकळे होतात. असं करू नका. आधी प्रत्येक उत्तराला विचारा: तू खरं असशील, तर मला आणखी काय दिसायला हवं?

अभिरुची हे कारण असेल, तर गाडीचं रेखाचित्र ट्युरिनहून यायला हवं. शेवटी तुम्ही तिथली नजरच विकत घेताय ना! आणि खर्च हे कारण असेल, तर रेखाचित्र कुणाचंही असो, संख्या छोटी दिसायला हवी आणि ट्युरिनकडून घेतलेली वस्तू मजुरी असायला हवी.

रेखाचित्र कुणाचं?

क्रायस्लरच्या गाड्यांमागचं मुख्य नाव व्हर्जिल एक्सनर. हे गृहस्थ १९४९ मध्ये स्टुडबेकरहून क्रायस्लरमध्ये आले. त्याच सुमारास गियाने क्रायस्लरसाठी प्लिमथ एक्सएक्स-५०० ही नमुना गाडी बांधली होती. तिचं रूप गियाचं होतं. एक्सनरना ते काही विशेष भावलं नाही. त्यांना भावली ती कारागिरी आणि तिची किंमत. मग के-३१० पासून पद्धत बदलली. रेखाचित्र आणि छोटं मॉडेल डेट्रॉईटहून जायचं, ट्युरिनचे कारागीर त्यावरून पूर्ण मापाची गाडी उभी करायचे.

बाकीच्या गाड्या तपासा. टर्बाईन कारचं रूप एल्वुड एंजेल यांच्या हाताखालच्या क्रायस्लरच्या स्टुडिओतलं. १९५९ च्या ब्रॉमचं रूप जनरल मोटर्सच्या स्वतःच्या स्टायलिंग विभागातलं. इम्पीरियल लिमोझिनमध्ये तर नवं रूप द्यायचा प्रश्नच नव्हता. अर्धवट तयार दोन-दारी गाडी ट्युरिनला यायची, गियाचे लोक ती मधून कापायचे, साडेवीस इंचांनी लांब करायचे, सांधे भरून तासून काढायचे आणि आत दिवाणखाना थाटायचे.

ड्युअल-गियाचं प्रकरण मधलं आहे. तिचं मूळ डॉजच्या फायरॲरो या प्रदर्शनातल्या गाड्यांमध्ये, आणि त्या एक्सनर आणि गियाचे लुईजी सेग्रे यांच्या सहकार्यातून आलेल्या. प्रभाव उलट दिशेनेही वाहत होता. १९५३ च्या क्रायस्लर देलेगान्सचा फोटो आणि १९५५ च्या फोक्सवॅगन कारमान गियाचा फोटो शेजारी ठेवून बघा. गियाकडून आलेल्या त्या छोट्या युरोपियन गाडीत अमेरिकन गाडीची रेष स्पष्ट दिसते. तिच्या रूपाचं श्रेय कुणाचं, यावर आजही एकमत नाही.

तेव्हा 'इटालियन डिझाईन' हा शब्द या गाड्यांना सरसकट लावणं धोक्याचं आहे. बोनेटवर इटालियन नाव असणं म्हणजे कल्पना इटालियन असणं नव्हे. अभिरुचीचं भाकीत निम्म्याहून जास्त ठिकाणी फसतं.

डायचा हिशोब

आता दुसरं उत्तर. कारखान्यात बॉडीचा पत्रा प्रेसमध्ये दाबून बनतो. प्रेसला डाय लागते. पिंपरी-चिंचवड भागात ज्यांच्या घरी कुणी टूलरूममध्ये काम करतं, त्यांना डायची किंमत सांगायला नको. डाय एकदा बनली की पुढचा प्रत्येक पत्रा स्वस्त. पण पहिला पत्रा निघायच्या आधीच सगळा पैसा ओतावा लागतो. हाताच्या कामाचं उलटं. लाकडाचा साचा केला, त्याच्यावर पत्रा ठोकून बसवला, सांध्यात शिसं भरून घासलं. सुरुवातीचा खर्च थोडा, पण प्रत्येक गाडीला तेवढीच मेहनत पुन्हा.

हिशोब कळावा म्हणून काही आकडे मानू. हे ऐतिहासिक आकडे नाहीत, फक्त उदाहरण. समजा डायचा संच २० लाख डॉलरचा आणि त्यानंतर प्रत्येक बॉडी ५०० डॉलरची. हाताने केलेली बॉडी अमेरिकेत ४,५०० डॉलरची. म्हणजे हाताच्या प्रत्येक बॉडीमागे ४,००० डॉलर जास्त. २० लाख भागिले ४,००० बरोबर ५००. पाचशेपेक्षा कमी गाड्या हव्या असतील तर हात स्वस्त, जास्त हव्या तर डाय.

आता तीच हाताची बॉडी ट्युरिनला २,५०० मध्ये होते असं माना. फरक २,००० वर आला आणि सीमा ५०० वरून १,००० वर गेली. जहाजाचं भाडं म्हणून ५०० मिळवले तरी ती ८०० वर राहते. पाचशे किंवा आठशे हे आकडे महत्त्वाचे नाहीत. दिशा महत्त्वाची: मजुरी जितकी स्वस्त, तितक्या जास्त गाड्यांपर्यंत हाताचं काम परवडतं, आणि त्या फरकातून बोटीचं भाडंही निघतं.

मजुरी खरंच स्वस्त होती का? युद्धानंतरच्या इटलीत कुशल कामगार भरपूर होते आणि पगार अमेरिकेच्या मानाने खूपच कमी. शिवाय १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला साधारण ६२५ लिरा हा दर जवळजवळ स्थिर होता. डेट्रॉईटच्या हिशोबनिसाला पुढच्या वर्षीचा खर्चही आजच मांडता यायचा. आता वरच्या यादीतले आकडे परत वाचा: ११७, १३२, ९९, १०१, ५५. यातल्या एकाही गाडीसाठी कुणी डायचा संच केला नसता.

इतिहासाने केलेला प्रयोग

इथपर्यंत आपण हिशोब जुळवला. पण हिशोब जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. सुरुवातीचा प्रश्न आठवा: एक घटक बदलून बाकीचे तसेच ठेवायचे कसे?

कधीकधी हा प्रयोग इतिहास स्वतःच करून ठेवतो. आपल्याला फक्त तो ओळखता यायला हवा. एल्डोराडो ब्रॉम बघा. १९५७ आणि १९५८ मध्ये ही गाडी डेट्रॉईटलाच बनत होती, बरीचशी हाताने. किंमत १३,०७४ डॉलर, तेव्हा साधी कॅडिलॅक पाच हजारांच्या आसपास मिळायची. दोन वर्षांत ७०४ गाड्या बनल्या आणि प्रत्येक गाडीमागे कंपनीला तोटा झाला. १९५९ मध्ये तेच काम ट्युरिनला गेलं. कंपनी तीच. गाडीचं नाव तेच. ग्राहकवर्ग तोच. रूप ठरवणारा विभागही तोच, डेट्रॉईटचा. किंमत १३,०७५ डॉलर. एका डॉलरचा फरक! मोठा बदल एकच, पत्रा ठोकणारे हात.

कंपनीला इटालियन नजर हवी असती, तर तिने रेखाचित्रही तिकडूनच मागवलं असतं. तिने ते आपल्याकडेच ठेवलं आणि फक्त बांधणी पाठवली. हा प्रयोग शंभर टक्के शुद्ध नाही, कारण मॉडेल बदललं होतं आणि संख्याही घटली होती. पण इतिहासात याच्याइतकी जवळची तुलना रोज मिळत नाही. आपल्या विषयात अशी जोडी शोधणं हे निम्मं संशोधन आहे.

उत्तर कुठे मोडतं?

आता प्रामाणिकपणाची पायरी. आपलं उत्तर जिथे चालत नाही ते उदाहरण मुद्दाम शोधायचं. परीक्षक ते शोधणारच आहेत, त्यांच्या आधी आपण शोधलेलं बरं.

ते उदाहरण म्हणजे कॅडिलॅक अलांते, मॉडेल वर्ष १९८७ ते १९९३. बॉडी पिनिनफारिनाची (नाव १९६१ पासून असं जोडून लिहितात). ट्युरिनजवळच्या कारखान्यात बनलेल्या बॉडी बोईंग ७४७ विमानाने, एका खेपेला ५६, डेट्रॉईटला जायच्या आणि तिथे इंजिन बसायचं. एकूण सुमारे २१ हजार गाड्या. स्वस्त मजुरीसाठी कुणी जंबो विमान भाड्याने घेत नाही. आणि या वेळी रूपही पिनिनफारिनाचंच होतं.

मग आपलं उत्तर चुकलं? नाही, त्याची मुदत कळली. मधल्या काळात काय बदललं ते बघा. १९६९ च्या शरद ऋतूत इटलीत संपांची मोठी लाट आली, तिथे तिला 'तप्त शरद' म्हणतात. त्यानंतर पगार वाढले. १९७१ मध्ये डॉलरची जुनी विनिमय व्यवस्था कोसळली आणि ६२५ लिरांचा दरही गेला. स्वस्त ट्युरिन संपलं. पण तोवर वीसेक वर्षांच्या कामातून दुसरंच काहीतरी तयार झालं होतं: नाव. १९८७ चा ग्राहक सुमारे ५५ हजार डॉलर मोजत होता, ते त्या नावासाठीही.

एक्सनर यांची शेवटची मोठी गाडी, स्टट्झ ब्लॅकहॉक, या दोन काळांच्या सांध्यावर उभी आहे. १९७० मध्ये ती लोकांसमोर आली. आतून पाँटिॲक, रूप एक्सनरचं, बांधणी मोडेनाच्या पादाने या कोचबिल्डरकडे. एल्विस प्रेस्ली तिच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी. किंमत २२ हजार डॉलरच्या वर. 'इटलीत हाताने बांधलेली' ही जी गोष्ट आधी हिशोबाची होती, ती आता जाहिरातीची झाली होती.

थोडक्यात, आपलं विधान असं सुधारतं: १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकन कंपन्यांनी ट्युरिनकडून मुख्यतः हात विकत घेतले, १९८० च्या दशकात नजर आणि नाव. पहिल्या वेळी खर्चाचं उत्तर चालतं, दुसऱ्या वेळी अभिरुचीचं. 'दोन्ही कारणं महत्त्वाची' आणि हे विधान, यातला फरक लक्षात आला का? पहिलं कधीच चुकू शकत नाही, म्हणून ते काहीच सांगत नाही. दुसरं उद्या कुणीतरी मोडू शकेल.

जे उरलं नाही त्याचं काय?

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. आपण जे लिहिलं ते उरलेल्या गोष्टींवरून लिहिलं. पण काय उरतं, हे कोण ठरवतं?

१९५६ मध्ये गियाने क्रायस्लरसाठी नॉर्समन ही गाडी पूर्ण केली. पुढच्या काचेला दोन्ही बाजूंनी खांब नाहीत, छत मागून पुढे तरंगत आलेलं. ती अँड्रिया डोरिया जहाजावर चढवली. २५ जुलैच्या रात्री नँटकेट बेटाजवळच्या धुक्यात स्टॉकहोम नावाच्या जहाजाशी टक्कर झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी अँड्रिया डोरिया बुडालं. दोन्ही जहाजांवरची मिळून ५१ माणसं गेली. गाडीही तळाशी गेली. आज तिचे फोटो आणि कागद आहेत, गाडी नाही.

टर्बाईन कारचं उलटं. ५० गाड्या २०३ सामान्य कुटुंबांना तीन-तीन महिने वापरायला दिल्या. प्रयोग संपल्यावर कंपनीने ५५ पैकी ४६ गाड्या नष्ट केल्या. नऊ उरल्या. एक नुकसान अपघाताने, दुसरं निर्णयाने. तुमच्या विषयातली कागदपत्रं कुठल्या मार्गाने नाहीशी झाली, हे विचारायची सवय लावून घ्या.

आणि तिसरं नुकसान कुणाच्या ध्यानातही येत नाही. एक्सनर, एंजेल, सेग्रे, फारिना ही नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण ती कागदांवर आहेत. पण आपल्याच उत्तराप्रमाणे डेट्रॉईटने जे विकत घेतलं ते हातांचं काम होतं. इम्पीरियल मधोमध कापून, साडेवीस इंच वाढवून, सांधा दिसू नये इतकी तासणारी माणसं कोण होती? गाड्यांच्या पुस्तकांत ती सापडत नाहीत. ज्यांच्यामुळे हा इतिहास घडला, तेच त्यातून गाळले गेले. डिझाईनरचा इतिहास सोपा, कारण त्याने सही केलेली असते. हातोड्याला सही नसते. हजेरीपट, पगारपत्रकं, कामगार संघटनांचे कागद, म्हाताऱ्या कारागिरांच्या मुलाखती, तिथून सुरुवात करावी लागते. आपल्या प्रयोगशाळेतला अटेंडंट आणि टेक्निशियन यांचं नाव पेपरवर कितीदा येतं, हेही एकदा मोजून बघा.

आता तुमचा गृहपाठ

तुमचा विषय घ्या आणि पाच ओळी लिहा. एक, यात न पटणारं काय आहे? दोन, त्याची दोन वेगळी उत्तरं कोणती? तीन, प्रत्येक उत्तर खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं? चार, एकच गोष्ट बदललेली जोडी कुठे सापडेल? पाच, माझं उत्तर मोडणारं उदाहरण कोणतं?

पाचही ओळी लिहून झाल्या तर सिनॉप्सिसचा कणा तयार आहे. चौथ्या ओळीवर अडलात तर घाबरू नका, बहुतेक सगळे तिथेच अडतात. ब्रॉमसारखी जोडी यादीत समोरच असते. तिच्याकडे गाडी म्हणून न बघता प्रयोग म्हणून बघायला थोडा वेळ लागतो, इतकंच.